बसण्याची परवानगी मिळणेबाबत

केप्याच्या मामलेदार कचेरीसमोर
झेरॉक्सच्या दुकानात मी अर्ज टाइप करते.
बावीस वर्षं. उत्पन्नाचा दाखला, निवासी दाखला,
एक-चौदाच्या उताऱ्यावर चुकलेलं आडनाव.

सोमवारी सुकोरिना आली, मागून जयंती वेळीप,
चपलांना लाल माती.
डोंगराला कुंपण पडलंय, म्हणाल्या,
झरीची वाट आत गेली.
आमकां बसूंक जाय.
कुठे?
पंचायतीपुढच्या वडाखाली.
(तिथे दुपारभर कुत्री झोपतात, विनापरवाना.)

नवा नमुना आठ पानांचा.
किती इसम बसणार, किती वाजता उठणार,
अनामत रक्कम भरल्याची पावती,
शांतता भंगल्यास जबाबदार कोण, त्याचं आधार कार्ड.
घोषणा देणार असल्यास मजकूर जोडावा.
जयंती म्हणाली, घोषणा अजून सुचली नाही गे,
तू लिही, झरीचं पाणी.
मी लिहिलं.
रकाना मोठा होता, पाणी एका कोपऱ्यात राहिलं.

उत्तर गुरुवारी आलं.
पाच किंवा अधिक इसमांनी एकत्र जमण्यास
साठ दिवस मनाई.
त्याच्या शंभर प्रती मीच काढल्या, दीड रुपयाने एक.
हवालदाराने गम मागितला, तोही दिला.
एक प्रत वडाच्या बुंध्यावर लागली.

त्यानंतर त्या वडाखाली
बसची वाट बघणारे सात जण जमले,
फुटबॉल हरलेली अख्खी टीम जमली,
आमदाराच्या वाढदिवसाला तर खुर्च्या आल्या, मंडप आला.
कुणी मोजलं नाही.

मग एका सकाळी चौघी येऊन बसल्या.
सुकोरिना, जयंती, जयंतीची जाऊ,
आणि एक शाळकरी पोर, दप्तरासकट.
बोलत नव्हत्या. मधोमध रिकामी कळशी.
हवालदार समोर उभा,
चार म्हणजे चारच, कायद्यात बसत होतं.

मी पोचपावती द्यायला गेले होते, खरंच.
दुकान उघडंच होतं, मशीन तापलेली.
पण उन्हातून चालत आले होते, गुडघे दुखत होते,
आणि जयंतीने थोडं सरकून
जागा केली.

हवालदाराने बोटं मोजली.
अंगठ्यापाशी येऊन थांबला.
माझ्याकडे बघत म्हणाला, बाय, तूं?

त्याच्या मुलीचा जन्मदाखला मीच टाइप केलाय.
पोचपावती मी कळशीखाली ठेवली,
वाऱ्याने उडू नये म्हणून.