मे महिन्यातलं पाणी

सावद्यात मे महिन्यात
डोक्यावरून घ्यायचं पाणी तापवावं लागत नाही,
टाकीच तापवते.

कोकिळाआत्या मोरीत, पाटावर.
फैजपूरच्या लग्नासाठी भाचीने
तिच्या डोक्यावरचा कापूस काळाकुट्ट करून दिला.
मांडवात सगळे म्हणाले, वीस वर्षांनी उतरलीस.
घरी आल्यावर तिने आरशावर नॅपकीन टांगला.
"काढ वं हे." एवढंच.

शेंगदाण्याचं तेल कोमट केलं.
कपाळावरचे डाग बोळ्याने, गोल गोल,
कानामागे आणखी हळू,
तिथली कातडी केळीच्या गाभ्यासारखी.
"केळीचा चीक लागला तं लुगडं फाटते,
डाग नाही जात. हा जाईन?"
जाईल. एका पाण्याने नाही.

तिसऱ्या बादलीला मोरीतून
कोऱ्या चहासारखं वाहू लागलं,
तेव्हा बोलली,
"मथुरा गेली ना, असेच केस होते तिचे.
परवा आरशात तीच उभी.
मले म्हने, तू कोन?"

मी नुसतीच शिकेकाई चोळत राहिले.

संध्याकाळी केस वाळले,
ना काळे ना पांढरे,
जुन्या पऱ्हाट्यांच्या रंगाचे.
तिने नॅपकीन ओढला. बराच वेळ पाहिलं.

"अजून थोडी हाये ती," म्हणाली,
"राहू दे आजच्या दिवस."