सुतळी

पट्ट्याचं बक्कल वाजलं
की ती टेबलाखाली मुतायची.
म्हणून एउतिमियोने पट्टाच सोडला;
पँट सुतळीने बांधून
तो बदाहोसच्या बँकेत जातो, चर्चलाही.
लोक हसतात. हसोत.

सशांच्या शिकारीचा हंगाम सरल्यावर
ही कुत्री सापडली ऑलिव्हच्या बागेत,
गळ्यावर तारेचा वळ.
नाव अजून ठेवलेलं नाही;
कुठलीही हाक ऐकली की अंग चोरते.

सात महिने तो जमिनीवर जेवतोय,
तिच्याकडे पाठ करून.
गुडघे कुरकुरतात, त्यांना शिव्या देतो,
पण हळू आवाजात.

काल मागून काहीतरी ओलं
कोपराला लागलं.

तो वळला नाही.
चावता चावता थांबला,
आणि बराच वेळ
घास तसाच गालात धरून बसला.