क्वेल, दोन वेळा

डिक्शनरीत तो शब्द दोनदा येतो,
डोक्यावर बारीक एक, बारीक दोन.
नात्यातले नाहीत, मी फळ्यावर लिहीत सांगितलं,
एकाच स्पेलिंगमध्ये राहणारे दोन भाडेकरू.
एक : लावा. तितराहून लहान, शिकारीचा पक्षी.
दोन : धीर खचणे, भेदरून मागे सरणे.

धंतोलीतला क्लास, मे महिना, संध्याकाळचे सात,
कूलरमधलं पाणी संपलेलं.
पोलीस भरतीची पोरं वहीनेच वारा घेत होती.
मी म्हटलं, पक्षी भित्रा म्हणून क्रियापदही भित्रं,
असं जोडून ठेवा, पेपरात आठवेल.
(खोटं होतं ते. पण अशाच खोट्यांवर
अकरा वर्षं माझा क्लास चालतो.)

मागच्या बाकावरून रुमाली पवार म्हणाली,
मॅडम, लावा भेत नाही.

तुले कसं माहीत, कुणीतरी हसलं.
तिनं तिकडे पाहिलंही नाही.
"धुऱ्यावरच्या गवतात बसून रायते तो. दबून.
तुम्ही येऊन राह्यले, त्याले माहीत असते.
पाय आता पडतेच त्याच्यावर, असं झालं का
फर्रकन् उडते गुडघ्याखालून.
मंग भेते कोण? ज्याचा पाय हाय तो.
माह्या बापानं चाळीस वर्षं फासे लावले,
तरी दरखेपी त्याच्या छातीत धस्स होये."

खडूची भुकटी घामात कालवत मी उभी.
दबून बसणे. दबा धरून बसणे.
आपल्याकडेही एकाच खोलीत दोघं राहतात,
भ्यालेला आणि टपलेला,
आणि दाराच्या फटीतून
कोण कुठला ते कळत नाही.

क्लास सुटल्यावर ती सायकलचं कुलूप काढत होती.
कुलूप अडलं होतं, मान वर न करता बोलली :
"आमच्या बेड्यावर रात्री जीप ये.
लाइट दिसला का आम्ही पोट्टे पराटीत. तसेच."

भीती वाटायची? मी विचारलं.

किल्ली फिरली, परत फिरली.
"ते नाही सांगता येत, मॅडम.
हालत नव्हतो, एवढं खरं."

रविवारच्या टेस्टमध्ये सतरावा प्रश्न.
तिनं पर्याय ब निवडला : भेदरणे.
बरोबर.
एक मार्क. मी दिला.