पायथा

या रविवारी मी वर गेले नाही.
सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत,
एका उलट्या क्रेटवर बसले आहे
आणि झोळीत अकरा गाड्यांच्या चाव्या.

गुडघा दोन वर्षांपूर्वीच बोलला होता.
मी त्याला गप्प बसवत आले,
कधी क्रेप बँडेजने, कधी तिळाच्या तेलाने,
"एवढा पावसाळा होऊ दे" म्हणत.
परांडेकर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला,
म्हणाले, वर ठेवलंय काय तुमचं?
काय सांगणार?
मडक्यातलं दही? कांदाभजी?
एकोणीस वर्षांचे रविवार?

शिट्टी मृण्मयी शिळीमकरला दिली.
काठीही पुढे केली, बांबूची, पितळी टोपणाची.
"राहू दे काकू, माझ्याकडे पोल आहेत."
काकू.
गेल्या रविवारपर्यंत ताई होते.
दांडेकर पुलावरून निघायची वेळही तिने
दहा मिनिटं अलीकडे ओढली,
आणि माणसं मोजते ती मागून पुढे.
मी बोलायला तोंड उघडलं
आणि त्याला पाण्याची बाटली लावली.

मग अंधारात बॅटऱ्यांची रांग चढू लागली.
वळणावर तुटली, पुन्हा जुळली.
एक दिवा मागे रेंगाळला,
वैजू असणार, बुटाची नाडी बांधत,
तर अख्खी रांग थांबली तिच्यासाठी.
मी कधी थांबवली नव्हती.
"पोचशील गं" म्हणून पुढे जायचे.
सगळ्यांत पुढे चालत होते ना,
आपली रांग दिसते कशी
ठाऊकच नव्हतं मला.

टपरीवरच्या कोंडाबाईंनी विचारलं, आज खालीच?
आज खालीच, म्हटलं,
आणि 'आज' हा शब्द
दातात खड्यासारखा आला.
त्यांनी ऐकलं, नाही ऐकलं,
मेथीच्या दोन जुड्या मांडीवर टाकल्या.
"बसलाच आहात तर निवडा."

टपरीच्या ताडपत्रीचा एक कोपरा
सारखा लोंबत होता, दव सांडत होता मानेवर.
काठी लावून पाहिली.
नेमकी बसली.

उजाडलं. मनोऱ्यावरचा लाल दिवा फिका पडला.
कोवळी पानं एका बाजूला, देठं दुसऱ्या;
माती नखात गेली, बरं वाटलं.
वरून कुठूनतरी शिट्टी आली,
दोन लांब, एक आखूड. माझीच खूण.
पाय आपोआप सरकला क्रेटखालून,
थांबला.

मी दुसऱ्या जुडीची गाठ सोडली.