पात्याची ओढ

खंडेनवमीला मी मशीन धुतली.
वर्षाचा भुसा काढला, रॉकेलच्या बोळ्यानं
टेबलाचं लोखंड घासून लख्ख केलं,
वरच्या चाकाला झेंडूची माळ, दातांना हळदकुंकू.
त्यातच ती रेघ गेली.

पेन्सिलीची रेघ. टेबलाच्या डाव्या अंगाला,
जराशी तिरपी.
डोमाजी बारसागडेनं कधीतरी मारलेली.
ट्रकवरून ओंडका उतरवताना त्याची मान कलली होती,
ती कललेलीच राहिली;
मला वाटायचं, जशी मान तशी रेघ.
पुसली. टेबलाच्या कडेला गुण्या लावून
लाकूड जिला टेकून सरकतं ती पट्टी
सरळ केली,
आणि बोल्ट आवळले.

दिवाळीच्या आधी नवरगावच्या नाटक मंडळाचं काम आलं:
रंगमंचाच्या फळ्या, चाळीस, बिजाच्या,
जाडी एक इंच, सूतभर इकडेतिकडे नको.
मागच्या साली नाचणाऱ्या पोरीची टाच
दोन फळ्यांच्या उंचसखलात अडकली.
ती कळवळून रडली
आणि लोकांनी टाळ्या दिल्या.

पहिली फळी हातभर नीट गेली.
मग पातं डावीकडे झुकू लागलं,
संध्याकाळचा बैल गोठ्याकडे वळतो तसं.
या टोकाला इंच, त्या टोकाला पाऊण.
दुसरी, तीच गत.
मी पात्याचा ताण वाढवला, बोटानं छेडून ऐकला.
दात पाहिले एकेक, भिंगातून.
खालच्या चाकाचं रबर चाचपलं,
पाठीमागचं बेअरिंग कागदाच्या जाडीवर आणलं.
शेवटी जोर लावला.
बिजाचा तांबूस भुसा काळा पडला,
धुराचा वास आला,
आणि आत पातं वाकून फळीला पोट सुटलं.

चारला लाइन गेली. सहापर्यंत यायची नाही.
ओंडक्यावर बसून राहिले.
सिंदेवाहीच्या बाजारातून परतणाऱ्या बाया
फाटकाशी जळाऊ तुकडे मागत होत्या;
दिल्या त्यांना पाऊण इंचाच्या दोन्ही फळ्या.

"लोटू नोको बाई," डोमाजी म्हणायचा,
"लाकूड देत जाय. पातं खाते तेवढंच दे.
अन् पयले त्याले इचार,
तुले जायचं कुठं हाये?
मंग तशी पट्टी लावजो."
मी तेव्हा नुकतीच बी.ए.चा पेपर देऊन आलेली.
लोखंडाला काय विचारायचं, म्हणून हसले होते.

सहाला लाइन आली.
टाकाऊ फळीच्या कडेला समांतर रेघ मारली,
पट्टी काढून बाजूला ठेवली
आणि नुसत्या हातांनी लाकूड दिलं.
रेघेवर राहायचं तर मागचं टोक
डावीकडे न्यावं लागत होतं.
नेलं.
अर्ध्यात थांबले, मशीन बंद केली,
फळी हलू न देता तिच्या कडेनं
टेबलावर पेन्सिल ओढली.

तिरपी.
डोमाजीच्या रेघेइतकी तिरपी का,
ते आता कोण सांगणार.
त्याचं पातं वेगळं,
दात त्यानं स्वतः कानशीनं पाजळलेले,
कललेल्या मानेनं.

पट्टी त्या रेघेला लावली.
टेबलावर गुण्या धरला: चूक.
फळीवर धरला:
या टोकाला इंच,
त्या टोकाला इंच,
मधेही.

चाळिसावी रात्री साडेअकराला उतरली.
कान पात्यासारखे वाजत होते.

पैसे द्यायला मंडळाचा ऋषी नाकाडे आला,
टेबलाला टेकून उभा राहिला.
"हात काढ तिथून," मी म्हणाले, "रेघ पुसशील."
त्यानं वाकून पाहिलं.
"थे त वाकडी हाये."
"असू दे. नवं पातं येईपर्यंत.
नाटक कसं झालं?"
"पोट्टी बेस नाचली. टाच कुठंच अडली नाही.
पण रडायच्या जागी
यंदा कोणी टाळ्याच नाही देल्ल्या."