दुसरा गोलकीपर

सत्त्याण्णव साली उद्यमबागच्या फाउंड्रीत
पोलंडहून मोल्डिंगचं मशीन आलं
आणि ते बसवायला तो.
नाव ज्जिस्वाव. एकाच्याही जिभेवर बसेना.
फोरमन बसाप्पा म्हणाला, जिसवा.
मग जिसवाच.

सहा फूट चार. दुपारी डबा उघडला की
जोंधळ्याची भाकरी दोन्ही हातांनी
आधी छातीशी धरायचा,
मग खायचा.

मशीनच्या आधी तो गोलकीपर होता. पगारी.
कोळशाच्या खाणींचं गाव, तिथला क्लब, मग आणखी तीन.
अठरा वर्षं.
मॅची किती, विचारलं आम्ही.
एकतीस, म्हणाला.
आणि बाकीच्या?
बाकीच्या बसून बघितल्या.

पहिल्या गोलकीपरला कधी पडसंसुद्धा आलं नाही,
हे तो अशा आवाजात सांगायचा
की बसाप्पानं एकदा न बोलता त्याच्या हातावर कुंदा ठेवला.
मॅचआधी त्या पहिल्याला दोनशे चेंडू मारायचे,
त्याचे हात गरम करून द्यायचे,
आणि आपले घेऊन बाकावर जायचं.
एकदा बर्फात, नारिंगी चेंडूनं, पाच खाल्ले.
सहावा अडवला.
डाव्या करंगळीचं वाकडं पेर दाखवायचा,
बायका नवी पाटली दाखवतात तसं.

संध्याकाळी अनगोळच्या मैदानावर आमचा सराव.
गोलात आग्नेल, कॅम्पातला, नुसतं मांजर.
जिसवानं पहिल्याच दिवशी विचारलं,
दुसरा कोण?
मी हात वर केला.
असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.
तो माझ्या शेजारी बसला, चाळीस दिवस.
ग्लोव्हज काढायचे नाहीत.
हात मांडीवर, उघडे.
चेंडूकडे नाही, मारणाऱ्याच्या टेकलेल्या पावलाकडे बघायचं.
हे सगळं अर्धं बोटांनी, थोडं बसाप्पाच्या कन्नडात.
पण ‘काय करूलास बे?’ एकदम स्वच्छ.

चुन्याच्या रेषेवर चेंडू ठेवून सांगायचा,
सुतभर जरी रेषेवर राहिला तरी गोल नाही.
परशराम हुंदरे, अंगावर मोर्चाच्या दोन केसेस,
म्हणाला, मग आमचा पण अजून झालेला नाही.
जिसवाला काही उमगलं नाही. त्यानं विचारलं,
शिट्टी कुणाकडे आहे?
बसाप्पानं परशरामकडे बघितलं,
परशरामनं बसाप्पाकडे,
आणि चहा सांगितला.

शेवटच्या रविवारी आग्नेल बहिणीच्या लग्नाला मडगावला.
माझी पाळी. चार वर्षांत पहिली.
खानापूरच्या पोरांशी फायनल.
बुटाची नाडी बांधता बांधता मी म्हटलं,
पोटरीत गोळा आलाय.
त्यानं पोटरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
जर्सी त्याला बेंबीपर्यंतच आली.
दोन खाल्ले. हरलो.
हरल्यावर तो असा हसत सुटला
की खानापूरची पोरं घाबरली.

मशीन परवा भंगारात काढलं.
पॅनेलचं दार उघडलं तर आतल्या बाजूला,
पेन्सिलीनं, एकतीस खोडलेलं. पुढे बत्तीस.
खाली त्याचं नाव.
त्याच्या खाली, दोन आकडा घालून, माझं,
स्पेलिंग चुकलेलं.

काटेवाला आकडा लिहायला लागला.
म्हटलं, थांब.
दाराचं वजन वजा कर.