सोन्याला टोचताना

सोनारानंच कान टोचावेत, म्हणतात.
इथं, योएन्सूच्या पिवळ्या उजेडाच्या खोलीत,
आउने हिर्वोनेन सोन्यालाच टोचते.
एक भोक, एक पूर्णांक तीन मायक्रॉन.
त्याच्या शेजारी दुसरं.
मग लाखभर,
ठिपक्याला ठिपका, एकही रेघ न ओढता.

अ‍ॅसिटोनमध्ये नको असलेलं सोनं
दुधावरच्या सायीसारखं सुटतं, सुरकुततं,
बाटलीत जातं. त्याचा हिशेब वेगळा.

चाळणीचा धर्म असा, की बारीक खाली पडावं, जाडं वर राहावं.
ही चाळण अधर्मी.
आठ मायक्रॉनची लाट, भोकाच्या सहापट,
सोन्यावर आडवी पसरते,
भोकांच्या अंतराशी आपलं पाऊल जुळतंय का पाहते.
जुळलं, तर अंग चोरून आत.
नाही, तर आल्या पावली परत.

गेल्या महिन्यात अंतर चुकलं,
केसाच्या हजाराव्या भागाएवढं,
आणि डोळा भलत्याच उष्णतेकडे बघत बसला.
"होतं असं," आउने म्हणाली. "माणसांचंही."
पुढं काही नाही.

ऊब दिसायची तर डोळा आधी गोठवावा लागतो.
ती द्रव नायट्रोजन ओतते,
पांढरी वाफ मनगटावरून घरंगळते.
खिडकीची काच म्हणजे या डोळ्याला भिंतच,
म्हणून सगळं सामान ढकलगाडीवर, मागच्या दारानं बाहेर.
उणे एकोणीस.

समोर प्यूहासेल्का, काठापासून काठापर्यंत गोठलेलं.
त्यावर कुठंतरी तोइवो, तिचा भाऊ,
गिरमिटानं बर्फाला भोक पाडून बसलेला.
त्याच्या भोकातून भोकाहून मोठा मासा येत नाही.
एकदा आला होता म्हणे. डोकं दिसलं, अडकला,
आणि दोरी तुटली.
बापाच्या होडीवरून दोन हिवाळे अबोला.

भिंग ती डावीकडून उजवीकडे नेते.
बर्फ. बर्फ. लव्हाळी. बर्फ.
चित्र उमटत नाही. एकच डोळा, पडद्यावर एकच रेघ,
सपाट.
मग रेघ उठते.
बोटाच्या पेराएवढी. थरथरते, टिकते.

आउने हातमोजा दातांनी ओढून काढते.
शाई गोठते, म्हणून पेन्सिल.
अंतर दोन पूर्णांक सहा. शिखर आठ पूर्णांक तीन.
लक्ष्य: मासेमार, अंदाजे दोनशे मीटर.

थांबते. "मासेमार" खोडते,
नाव लिहिते.

नायट्रोजन अजून अर्धा तास पुरेल.
भिंग ती हलवत नाही.